पॅट्सी क्लाइनच्या वाटेवर: नॅशव्हिलला खिसा जपा, कॅम्डेनला बूट घाला

आधी निकालच सांगून टाकलेला बरा. पॅट्सी क्लाइन या अमेरिकन कंट्री गायिकेच्या नावावर नॅशव्हिलमध्ये जे खपवलं जातं, त्यातलं बरंचसं तिचं नाहीच. खरं तिचं म्हणावं असं या वाटेच्या दोन टोकांना आहे: ती वाढली ते व्हर्जिनियातलं विंचेस्टर आणि 1963 मध्ये तिचं विमान पडलं ते टेनेसीतल्या कॅम्डेनजवळचं रान. मधल्या नॅशव्हिलला एक दिवस दिला तरी पुष्कळ झाला. "वीकेंडला आरामात होतं" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. विंचेस्टर ते नॅशव्हिल सव्वासहाशे मैलांच्या आसपास, थांबे धरून अकरा तास. त्यापुढे कॅम्डेन आणखी नव्वद मैलांवर.

डीसी, ॲशबर्न, हर्न्डन भागातल्या मराठी मंडळींना विंचेस्टर अगदी जवळ, वॉशिंग्टनपासून साधारण 75 मैल. इथे साउथ केंट स्ट्रीटवर 608 नंबरचं घर आहे. पॅट्सी सोळाची असताना, 1948 मध्ये, आई हिल्डा तीन पोरांना घेऊन इथे राहायला आली. बाप आधीच घर सोडून गेलेला. आई शिवणकाम करायची. पॅट्सीचे सुरुवातीचे काउगर्ल छापाचे, झालरीवाले पोशाख आईच्याच हातचे. वरच्या मजल्यावर तिन्ही पोरं एकाच खोलीत झोपायची. घर इतकं लहान आहे की एका वेळी मोजकीच माणसं आत घेतात. हिवाळ्यात ते बंद असतं, त्यामुळे वेळ आधी फोन करून पक्की करा. जुन्या नोंदींवर विसंबून दारापर्यंत जाऊन परत फिरणारे कमी नाहीत.

गावानं तिला हयातीत फारसं जवळ केलं नाही, हे केंट स्ट्रीटवर उभं राहिलं की कळतं. हा गावाचा गरीब भाग होता, आणि रात्री बारमध्ये गाणारी या भागातली पोरगी प्रतिष्ठितांच्या डोळ्यांत खुपायची. आता गावात तिच्या नावाचा रस्ता आहे आणि नावाच्या पाट्याही. शाळा सोडून ती ज्या गॉन्ट्स ड्रग स्टोअरमध्ये सोडा फाउंटनवर कामाला होती, ती इमारत बाहेरून बघा आणि पुढे चला.

थडगं गावाबाहेर, 522 नंबरच्या हायवेवर, शेनँडोआ मेमोरियल पार्कमध्ये आहे. तिथे हमखास होणारा घोळ म्हणजे लोक 'पॅट्सी क्लाइन' हे नाव शोधत हिंडतात. दफन व्हर्जिनिया एच. डिक या नावानं झालंय, म्हणजे मूळ नाव आणि दुसऱ्या नवऱ्याचं, चार्ली डिकचं, आडनाव. गाण्यातलं नाव त्याच्या खाली. आणि ती उभी शिळा नाही, गवताच्या पातळीत बसवलेली ब्राँझची पाटी आहे, गाडीतून दिसत नाही. उतरून चालावंच लागतं. तिच्या आठवणीत उभारलेल्या मनोऱ्यातून संध्याकाळी सहाला भजनं वाजतात, तिच्या मृत्यूची वेळ म्हणून. फक्त विंचेस्टरचं घड्याळ कॅम्डेनच्या एक तास पुढे असतं, एवढं लक्षात असू द्या.

पुढचा 81 नंबरचा हायवे ट्रकवाल्यांचा. तो रात्री चालवू नका. टेनेसीत शिरल्यावर 40 नंबरला लागायचं. नॉक्सव्हिल ओलांडलं की घड्याळ एक तास मागे जातं. नॅशव्हिलची वेळ ठरवलेली तिकिटं काढताना हा तास धरा.

आता नॅशव्हिल. ब्रॉडवे या मुख्य रस्त्याच्या आसपासचं पार्किंग म्हणजे दिवसाढवळ्या लूट. दर कार्यक्रम बघून चढतात. संध्याकाळी एखादा मोठा शो असला की काही तासांचे तीस-चाळीस डॉलर सहज जातात, आणि पाटीवरचा मोठा आकडा बहुधा पहिल्या तासाचाच असतो. खालचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय कार्ड पुढे करू नका. हॉटेलचंही तसंच. खोलीच्या दराखाली 'सुविधा शुल्क' म्हणून जे लागतं, ते बुकिंगच्या शेवटच्या पानावरच उघडं पडतं. गाव सोडून वीस मिनिटांवर राहा आणि दिवसाउजेडी या.

सगळ्यात मोठी फसवणूक स्टुडिओची. काही बसवाले आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओ बीसमोर गाडी थांबवून तिचं गाजलेलं गाणं 'क्रेझी' इथेच रेकॉर्ड झालं असं बेधडक ठोकून देतात. साफ खोटं. पॅट्सी 1960 पासून डेक्का या दुसऱ्या कंपनीची गायिका होती, निर्माता ओवेन ब्रॅडली, आणि रेकॉर्डिंग त्याच्याच क्वॉन्सेट हट नावाच्या स्टुडिओत, सोळाव्या ॲव्हेन्यूवर. त्या कथेतला मुद्दा वेगळाच आहे. 14 जून 1961 ला नॅशव्हिलमध्ये गाड्यांची समोरासमोर धडक झाली, ती काच फोडून बाहेर फेकली गेली. कपाळावर कायमचा व्रण राहिला, पुढे तो झाकायला विग आणि पट्टे आले. ऑगस्टमध्ये ती कुबड्यांवर स्टुडिओत आली. विली नेल्सननं लिहिलेलं ते 'क्रेझी' ताणताना बरगड्या दुखायला लागल्या, वरचे सूर लागेनात. त्या दिवशी वादकांचा ट्रॅक झाला आणि तिचा आवाज काही आठवड्यांनी वेगळा घेतला. क्वॉन्सेट हट आजही आहे, पण विद्यार्थ्यांच्या वर्गांसाठी वापरतात, सहज आत डोकावता येत नाही. बाहेरून फोटो काढा आणि स्टुडिओ बीचं तिकीट फक्त एल्विससाठी घ्यायचं असेल तर घ्या.

त्या मोटार अपघाताची जागा शोधायच्या भानगडीत पडू नका. ती धडक झाली तो ओल्ड हिकरी बुलेव्हार्ड हा रस्ता शहराभोवती तुकड्यातुकड्यांनी फिरतो. नकाशा भलत्याच टोकाला नेऊन सोडतो, आणि पोहोचलात तरी बघायला काही नाही.

पॅट्सी क्लाइन म्युझियम जॉनी कॅश म्युझियमच्या वरच्या मजल्यावर आहे. चांगलं आहे, लहान आहे, तासाभरात होतं. मात्र डेक्काच्या आधीच्या फोर स्टार या रेकॉर्ड कंपनीबरोबरचा तिचा करार नीट समजून घेऊनच आत जा, नाहीतर नुसते झगे बघून बाहेर पडाल. 1954 मध्ये तिनं सही केली, आणि अट अशी की गायची ती फक्त त्या कंपनीच्या मालकीची गाणी. पन्नासेक गाणी झाली, चाललं म्हणावं असं एकच, 1957 मधलं 'वॉकिन आफ्टर मिडनाइट'. पैसा हाती फारसा लागला नाही. संसारात दारू आणि भांडणं, मांडीवर तान्ही पोर. करार संपला तेव्हा कुठे चांगली गाणी मिळाली, आणि त्यानंतर हातात तीनच वर्षं होती.

रायमन या जुन्या सभागृहाला जरूर जा. 'ग्रँड ओल्ड ओप्री' हा कंट्री संगीताचा रेडिओ कार्यक्रम 1974 पर्यंत तिथेच व्हायचा. साधं तिकीट पुरतं.

आता कॅम्डेन, म्हणजे ज्यासाठी हे सगळं लिहिलं. नकाशात नुसतं 'कॅम्डेन' टाकलंत तर न्यू जर्सीचं कॅम्डेन वर येतं. 'कॅम्डेन, टेनेसी, बेंटन काउंटी' असं टाका. नॅशव्हिलहून 40 नंबरनं पश्चिमेला, 126 नंबरच्या एक्झिटला बाहेर, मग 641 नंबरनं उत्तरेला गाव. पेट्रोल, पाणी, शौच सगळं गावातच उरका, पुढे काही नाही. गावाबाहेर माउंट कार्मेल रोडवर तीनेक मैल. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. रस्ता पक्का आहे पण अरुंद, वळणांचा, आणि समोरून येणारे पिकअपवाले कडेला होत नाहीत.

खरी खोट शेवटच्या टप्प्यात आहे. फोटोत ती पायवाट बागेतल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात झाडीतून खाली उतार आहे, त्यावर ओकच्या पानांचा थर, आणि पाऊस पडून गेला असेल तर पानांखाली चिखल. सपाट तळाच्या बुटांनी पाय सरकतोच. ट्रेकचे बूट घाला, आणि गुडघ्याची तक्रार असेल तर काठी घ्या. एप्रिल ते सप्टेंबर गोचिडींचा त्रास असतो, पँट मोज्यात खोचा आणि गाडीत बसण्याआधी पोटऱ्या तपासा. कडेला तीन-तीन पानांची वेल दिसली की हात लावू नका, पॉयझन आयव्ही असते, आठवडाभर खाज जात नाही. नोव्हेंबरात हरणांची शिकार चालते, भगवा किंवा नारिंगी जर्किन घालूनच उतरा.

खाली, विमान पडलं तिथे, एक मोठा दगड, त्यावर चार नावं: पॅट्सी, गायक काउबॉय कोपस आणि हॉकशॉ हॉकिन्स, आणि पायलट रँडी ह्यूज. ह्यूज तिचा मॅनेजर आणि कोपसचा जावई. कॅन्सस सिटीतल्या मदतीच्या कार्यक्रमाहून परतताना धुक्यानं एक दिवस खाल्ला. गायिका डॉटी वेस्टनं गाडीतून चल म्हटलं होतं, पॅट्सी विमानासाठी थांबली. 5 मार्च 1963 ला डायर्सबर्गला तेल भरायला थांबले. तिथल्या माणसानं हवामान बघून रात्री मुक्काम करा म्हणून सांगितलं. संध्याकाळी 6 वाजून 7 मिनिटांनी त्यांचं छोटं पायपर कोमांची विमान उडालं. उपकरणांच्या भरवशावर ढगात विमान चालवायचा परवाना ह्यूजकडे नव्हता. ढगात शिरलं की क्षितिज जातं, आणि विमान वळतंय की सरळ चाललंय हे शरीराला कळेनासं होतं. पॅट्सीचं घड्याळ 6 वाजून 20 मिनिटांवर थांबलेलं सापडलं. वय तीस.

म्हणून 5 मार्चलाच जायचा हट्ट धरू नका. तेव्हा इथे तसाच पाऊस, तसाच चिखल. ऑक्टोबरचा उत्तरार्ध उत्तम: हवा कोरडी, झाडी विरळ. तासभर धरा, आणि अंधार पडायच्या आत वर या.

शाकाहारी मंडळींनी गावच्या जेवणावर भिस्त ठेवू नये. फरसबी, चवळी, पालेभाजी, सगळ्यात डुकराचं मांस घालून शिजवायची पद्धत आहे, विचारल्याशिवाय ताट घेऊ नका. दशम्या, चटणी बरोबर असली तर चिंता नाही. परतीचं विमान त्याच संध्याकाळचं काढू नका. 40 नंबरवर एक ट्रक आडवा झाला तरी दोन तास जातात.