तुम्ही विचारलंत म्हणून: हर्णैहून बोट का फिरवली

हळदीत विचारतात, साखरपुड्यात विचारतात, परवा बेलापूरला बँकेच्या रांगेतही एकाने विचारलं. "हर्णैपर्यंत गेलात ना, मग तिथून परत का आलात?" एकदाचं लिहूनच टाकतो.

फयान वादळ 11 नोव्हेंबर 2009 ला आलं, उरणजवळच्या करंजाची मासेमारी बोट परत आली नाही, आणि तिच्यावर माझा मावसभाऊ होता. हे आमच्या दिवाळे गावात कुणाला नव्याने सांगायला नको. "नौदल, तटरक्षक दल शोधत होतंच की, तुम्ही कशाला गेलात?" असं म्हणणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. मावशीला समोर बसवून टीव्ही बघत बसायचं होतं का?

बोटीचा वायरलेसवरचा शेवटचा आवाज दुसऱ्या एका बोटीने ऐकला होता, तोही तुटक: "जयगडला धरतोय." म्हणून दोन तुकड्या केल्या. भावोजी आणि पोरं सुमो घेऊन रस्त्याने बंदरं विचारत निघाली: मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, दाभोळ. आम्ही समुद्रातून. मी ऑफिसात बसणारा माणूस, मला बोटीवर घेतलं ते नात्यामुळे. खांदेरी बेट मागे पडेपर्यंत उलट्या करून झाल्या होत्या.

हर्णैच्या बाहेर बोये, म्हणजे जाळं तरंगतं ठेवणारे गोळे, दिसले. जाळ्याचे, निळ्या रंगाचे, दोरीने एकत्र बांधलेले. खलाशाने आकड्याने ओढून घेतले. रंग उन्हाने उडालेला, दोरीला शेवाळ, आणि एका बोयावर पांढऱ्या रंगाने काढलेली आडवी रेघ. भाऊ बोये रंगवायचा तेव्हा मी धक्क्यावर बसलेलो असायचो. मी म्हटलं, ही आपलीच रेघ. तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, दोरी हातात घेतली, गाठ उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, गाठ आपली नाही. मी ओरडलो. तोही ओरडला. रेघ कुणीही मारेल, असं तो म्हणाला. गाठ घाईत कशीही पडेल, असं मी. बोये कुणाचे ते आजही ठरलेलं नाही.

तेवढ्यात जयगडहून भावोजींचा फोन आला. खाडीत आसऱ्याला आलेली एकूण एक बोट पाहिली, आपली नाही. मला आणखी खाली जायचं होतं, विजयदुर्ग, देवगड. एखादी बोट तिकडे घुसली असेल, फोन बंद असतील. डिझेल एकाच बाजूला पुरणार होतं. तांडेल म्हणाला, "पानी वर चाललाय, आन् तू खाली कनाला चाललास?"

तो बरोबर होता, हे मला नंतर पुस्तकात सापडलं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे असतो, नोव्हेंबरात तो उलटून उत्तरेला वाहायला लागलेला असतो. त्यात वादळ बाहेरून उत्तरेकडे सरकत होतं, म्हणजे त्याच्या पूर्वेला अडकलेल्या बोटींना वारा दक्षिणेकडूनच. इंजिन बंद पडलेली बोट वरच जाणार. पण जी आसऱ्याला गेली असेल ती वाऱ्याबरोबर कशाला जाईल? हे त्या दिवशी मी म्हटलं होतं, आणि ते खोडून काढणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही.

तर लोकहो, आम्ही परत आलो नाही, उत्तरेला गेलो. करंजा वाटेत होतं. तिथे डिझेल भरलं, जेवलो, ते गावाने पाहिलं आणि "परत आले" झालं. पुढे सातपाटी, डहाणू केलं. भावोजी रेल्वेने उंबरगावला उतरून किनाऱ्याने चालले. ते कुणी पाहिलं नाही. काही मिळालंही नाही.

आता खरंही सांगतो. बोट उत्तरेला वळली तेव्हा वाटेत घर लागणार याचं मला बरं वाटलं होतं. म्हणून वळलो का? नाही. पण बरं वाटलं होतं.

सात वर्षं खबर नसेल तर कायदा माणूस गेला असं धरून चालतो. ती मुदत 2016 मध्येच उलटली. वहिनीने अर्ज केलेला नाही. तिला तो कर म्हणून सांगायला मला पाठवतात, मी जात नाही.

आज पुन्हा हर्णैला उभा राहिलो तर? तांडेल असेल तर उत्तरेला. एकटा असेन तर देवगड. मग तुम्ही विचाराल, सातपाटीला का गेला नाहीत.