सेमी-डबल

जपानमधल्या हॉटेलांच्या भाषेत ‘सेमी-डबल’ असा एक शब्द आहे. खोली ठरवताना मी तो वाचला आणि मनातल्या मनात अर्थ लावला, डबलपेक्षा जरासा लहान पलंग. असेल वीतभर कमी. टोकियोत उएनो स्टेशनजवळच्या त्या हॉटेलात आठव्या मजल्यावरचं दार उघडलं, तेव्हा नवऱ्याने आधी पलंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दोन बॅगांकडे.

“अगं, ही खोली नक्की कोणासाठी घेतलीयस?”

पलंगाची रुंदी १२० सेंटिमीटर. माणशी ६०. आपल्या रेल्वेतला बर्थही साधारण तेवढाच, पण तिथे निदान शेजारच्या बर्थला मधे फट असते. रात्री कूस बदलायची तर दोघांनी एकदम बदलायची, असं आमचं न बोलता ठरलं. बत्तीस वर्षांच्या संसारात एवढा समन्वय पहिल्यांदाच.

तेव्हा कोणी जोडीने निघणार असेल तर ‘ट्विन’, म्हणजे दोन वेगळ्या पलंगांची खोली शोधा, हे आधीच सांगून टाकते. आणि माणसं किती ते खरं सांगा. तिथे बहुतेक ठिकाणी भाडं नुसत्या खोलीचं नसतं, आत किती जण झोपणार त्यावर ठरतं. “एकाचीच घेऊ, दुसरा गुपचूप वर जाईल” हा आपला जुना उद्योग तिथे चालत नाही आणि करूही नये.

खोलीचं क्षेत्रफळ बुकिंगमध्ये लिहिलं होतं, ११ चौरस मीटर. मीटरमध्ये मला काही कळत नाही. रात्री झोप येईना म्हणून फुटांत हिशेब केला, तर आकडा आला दहा बाय बारा. मग मात्र सगळं कळलं. गिरगावातल्या चाळीत माझ्या माहेरच्या खोलीचं माप हेच. तिथे आम्ही सात जण होतो, पाहुणे आले की नऊ. मोरी आत आणि संडास गॅलरीच्या टोकाला. इथे त्याच मापात पलंग, टेबल, खुर्ची, टीव्ही, छोटा फ्रिज, किटली, इस्त्री-प्रेस असं सगळं होतं, आणि मोरी-संडाससुद्धा आतच. नवऱ्याचं बालपण साताऱ्याच्या वाड्यात गेलं. त्याला ती खोली शेवटपर्यंत लहान वाटत राहिली. मला दुसऱ्या दिवसापासून प्रशस्त वाटू लागली.

‘बिझनेस हॉटेल’ हा शब्द इंग्रजी दिसतो, पण घडवला जपान्यांनीच. नाव ऐकून मोठा दिवाणखाना आणि सुटाबुटातले लोक डोळ्यांपुढे येतात, तसलं तिथे काही नसतं. कंपनीने एका रात्रीपुरता परगावी धाडलेला नोकरदार माणूस, हा त्या हॉटेलचा मालक समजा. त्याच्या फेरीला ‘शुच्चो’ म्हणतात. तो रात्री उशिरा दमून येतो, सकाळी लवकर निघतो. त्याला बाग नको, नक्षी नको, सामान उचलणारा पोऱ्या नको. स्टेशन जवळ हवं, अंघोळ, स्वच्छ चादर, शर्टाला इस्त्री, बस्स. १९३८ साली टोकियोच्या शिंबाशीत अशा लोकांसाठी लहान खोल्यांचं मोठं हॉटेल निघालं होतं, म्हणजे कल्पना जुनीच. पुढे स्टेशनास्टेशनाबाहेर तिची रांग लागली.

आम्ही पोचलो सकाळी अकराला. खोली मिळणार तीनला. “बघा ना जरा, एखादी झाली असेल,” हे वाक्य मी आयुष्यभर वापरत आले आहे आणि ते बहुतेक वेळा लागू पडतं. तिथेही हातवारे करून म्हणून पाहिलं. काउंटरवरच्या मुलीने इतक्या नम्रपणे मान लववली की मला वाटलं काम झालं. ती नकाराची मान होती. बॅगा मात्र तिने लगेच ठेवून घेतल्या, पैसे न घेता, आणि एक चिठ्ठी हातात दिली. जाण्याच्या दिवशीही तेच. दहा-अकराला खोली सोडायची, बॅगा खाली ठेवून गाव फिरायचं. त्यामुळे तीनच्या आधी पोचण्यात तोटा काहीच नाही, फक्त तोवर लागणारं काही बॅगेत तळाशी ठेवू नका.

तीन वाजता यंत्रापुढे उभं राहून नाव, पैसे, किल्लीचं कार्ड. पासपोर्टची प्रत काढतात, त्याचा राग मानू नये. जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्याची प्रत घ्यायचीच असा तिथला नियम आहे. लिफ्टपाशी एका फडताळात टूथब्रश, कंगवे, रेझर, कापसाच्या काड्या मांडलेल्या असतात. लागेल तेवढं उचलायचं. पूर्वी हे सगळं खोलीत मिळायचं. २०२२ च्या एप्रिलपासून प्लास्टिक कमी करण्याचा कायदा लागू झाला आणि बऱ्याच हॉटेलांनी ते खाली आणून ठेवलं. ‘लागेल तेवढं’ याचा अर्थ मला कळला होता. नवऱ्याच्या दाढीच्या डब्यात अजून चार जपानी रेझर आहेत.

आता न्हाणीघर, म्हणजे माझा आवडता विषय. खोलीच्या फरशीपेक्षा वीतभर उंच उंबरठा. तो पहिल्या रात्री अंगठ्याला कळतो, नंतर पायाला सवय होते. आत शिरलं की भिंत, छत, टब, बेसिन सगळं एकसंध, डब्यासारखं, कुठे टाइल नाही की सांधा नाही. हा डबा कारखान्यात तयार होतो. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी न्यू ओतानी हॉटेल घाईघाईने उभं राहत होतं. हजारावर न्हाणीघरं गवंड्यांकडून वेळेत होणं शक्य नव्हतं, म्हणून तोतो कंपनीने ती आयती बनवून दिली. तिथून तो डबा सगळ्या जपानभर गेला. ज्यांच्या घरी बाथरूमच्या टाइल्सचं काम तीन महिने चाललंय त्यांनी या कारखान्याचं स्मरण करून दोन अश्रू ढाळावेत.

टब लांबीला कमी आणि खोल. गुडघे छातीशी घेऊन बसायचं. आणि बेसिन व टब यांच्यामध्ये एकच नळ! त्याची लांब चोच डावीकडे फिरवली की बेसिनमध्ये पाणी, उजवीकडे फिरवली की टबात. एक खटका नळासाठी, तोच उलटा फिरवला की शॉवर. नळाच्या बाजूला ‘करान’ असं त्यांच्या लिपीत लिहिलेलं असतं, आणि हा शब्द मूळचा डच. बाकी सगळ्या युरोपीय व्यापाऱ्यांना दार लावलं तेव्हाही जपानने डचांना नागासाकीत थारा दिला होता. ते गेले, त्यांच्या भाषेतला नळ राहिला. हे ज्ञान मला नंतर मिळालं. त्या रात्री मी नुसतं तोंड धुवायला गेले, पूर्ण कपड्यांत. आधी नवरा अंघोळ करून आलेला, खटका शॉवरवरच. नळ सोडला आणि डोक्यावर धो धो. बाहेरून आवाज आला, “काय गं, परत अंघोळ?”

कमोडबद्दल फार लिहीत नाही. निदान १९८० पासून पाण्याची फवारणी करणारं ते यंत्र तिथे आहे आणि पाश्चात्त्य प्रवासी त्यावर पानंच्या पानं लिहितात. जेट-स्प्रेवर वाढलेल्या आपल्या माणसाला त्यात घरी आल्यासारखं वाटतं, एवढंच. फक्त ‘थांबा’चं बटण कुठलं ते बसण्याआधी बघून ठेवा. कागद कमोडमध्येच टाकायचा.

खाण्यापिण्याची तजवीज म्हणून मी पुण्याहून खिचडीचा छोटा इलेक्ट्रिक कुकर नेला होता. खोलीत शिजवू देत नाहीत हे मला माहीत होतं, कबूल करते. देवाने शिक्षा विजेच्या रूपाने दिली. जपानमध्ये वीज १०० व्होल्ट. पिना दोन चपट्या, त्यासाठी अ‍ॅडॅप्टर होता. मोबाइलचे चार्जर आनंदाने चालले, कारण त्यांच्यावर १०० ते २४० लिहिलेलं असतं. पण कुकर आपल्या २३० व्होल्टचा, त्याला तिथे पाचव्या हिश्श्याहूनही कमी ताकद मिळते. तासाभराने डाळ-तांदूळ कोमट पाण्यात पोहत होते. नवरा इंजिनिअर, तो खूश झाला. व्होल्टेज निम्म्यावर आलं की उष्णता पावपट होते, हे त्याने मला भुकेल्या पोटी समजावून सांगितलं. खोलीतली किटली मात्र बघता बघता पाणी उकळते. गरम पाणी ओतून होणारे पोहे-उपम्याचे डबे न्या, काम भागतं. किटलीत पाण्याखेरीज काही घालू नका, तुमच्यानंतर कोणीतरी त्यात चहाचं पाणी ठेवणार आहे.

सकाळच्या नाश्त्याला भात, मिसो सूप, भाजलेला मासा, अंड्याची गुंडाळी, लोणची आणि नात्तो, म्हणजे तार सुटेपर्यंत आंबवलेले सोयाबीन. नवरा शाकाहारी. तो रोज दोन वाट्या सूप प्यायचा आणि “आपल्या कटाच्या आमटीचा दूरचा भाऊ” म्हणायचा. त्या सुपाचं पाणी बहुतेक ठिकाणी सुकवलेल्या माशाच्या किसापासून काढतात. मी ते आधीच वाचलं होतं. सांगितलं तिसऱ्या दिवशी. शुद्ध शाकाहारी असाल तर साधा भात, लोणचं, पाव आणि फळं यांवर विसंबा. रस्त्यापलीकडे रात्रंदिवस उघडं दुकान असतंच, तिथला उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, भाताचा त्रिकोण प्रवासात बरा.

सामानाचं म्हणाल तर खोलीत एका वेळी एकच बॅग उघडते, तीही पलंगावर. म्हणून टोकियोहून क्योतोला जाताना मोठ्या बॅगा काउंटरवर देऊन पुढच्या हॉटेलला पाठवून दिल्या. फॉर्मवर पुढचा पत्ता आणि तारीख लिहायची, दुसऱ्या दिवशी बॅगा तिथे हजर. यामातो कंपनीने ही घरपोच सेवा १९७६ मध्ये सुरू केली. खूण म्हणजे पिवळ्यावर काळं मांजर, तोंडात पिल्लू धरलेलं. काळं मांजर आडवं गेलं की आपण दोन पावलं मागे येतो, आणि इथे मी औषधं, साड्या, चितळ्यांची भाकरवडी असा निम्मा संसार त्याच्या हवाली केला. एका रात्रीचे कपडे तेवढे हातात ठेवावेत.

क्योतोच्या हॉटेलात तळमजल्यावर सामायिक गरम पाण्याचं कुंड होतं. बायकांच्या दाराला नंबरांचं कुलूप. नंबर खोलीच्या कागदावर. आत वस्त्र चालत नाही, हे वाचून मी पहिल्या रात्री गेलेच नाही. दुसऱ्या रात्री साडेअकराला, कोणी नसेल अशा आशेने गेले. दोन आज्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. कुंडात उतरण्याआधी अंग स्वच्छ धुवायचं, त्यासाठी भिंतीशी बुटकं स्टूल आणि छोटी बादली. मी बसले, बादली भरली, खांद्यावरून ओतली. पाट, बंब, तांब्या, आई पाठ चोळतेय आणि बाहेर कोणीतरी फटाका लावतोय. गेली तीस वर्षं मी शॉवरखाली उभी राहून अंघोळ करते आहे. इथे येऊन परत बसले.

कपडे धुण्याची यंत्रं वरच्या मजल्यावर. शंभर येनची नाणी जमवून ठेवा. वाळवणाऱ्या यंत्रात ती पाण्यासारखी जातात. तिथे एक गृहस्थ भेटले, पन्नाशीचे असतील. हॉटेलने दिलेला नाइटशर्ट, पायात हॉटेलच्या सपाता, हातात बिअरचा डबा. यंत्रात त्यांचा एकच पांढरा शर्ट आणि मोज्यांचे जोड गोल फिरत होते. मी शेजारच्या यंत्रात जीन्स टाकल्या आणि एक नाणं टाकलं. त्यांनी मान हलवून तीन बोटं दाखवली. मी आणखी दोन टाकली. मग अर्धा तास आम्ही दोघं त्या गोल काचांकडे बघत बसलो. मी भाकरवडी पुढे केली. त्यांनी एक घेतली, चावली, वर एक घोट घेतला, डब्याकडे बोट दाखवलं, भाकरवडीकडे दाखवलं आणि गंभीरपणे मान डोलावली. शर्ट वाळला तसा त्यांनी तिथेच त्याची घडी घातली आणि वाकून नमस्कार करून गेले. सकाळी लवकरची गाडी असेल.

ओसाकात शेवटच्या तीन रात्री आम्ही ट्विन घेतली. दोन पलंग, मध्ये टेबल. नवरा हात-पाय पसरून झोपला आणि मध्यरात्री त्याने विचारलं, “जागी आहेस?” म्हटलं, हो. म्हणाला, “तो नळ आपल्याकडे बसवायला हवा.”

त्याने नळाचे अकरा फोटो काढले होते. परत आल्यावर प्लंबरला बोलावून दाखवले. चोच कशी फिरते, एकाच नळात बेसिन आणि बादली दोन्ही कशी भागतात, हे हाताचा नळ करून समजावलं. प्लंबरने सगळं नीट ऐकून घेतलं.

“होईल की काका,” तो म्हणाला, “पण तुम्ही अंघोळीला बसलात आणि काकू दात घासायला आल्या, तर पाणी कुणाचं?”