तपकिरीच्या डबीतली गोळी

जुलैतला दिवस, बाहेर मुसळधार पाऊस. फोर्टातल्या आमच्या बंदुकांच्या दुकानात या दिवसांत एकच काम असतं : गंज. मुंबईची खारी दमट हवा नळीला कशी खाते, ते 31 वर्षं रोज बघतोय. बँकेच्या पहारेकऱ्यांच्या बारा बोअर, नेमबाजांच्या रायफली, वारसाहक्काने आलेल्या जुन्या बंदुका, सगळ्यांना तेल-चिंधी करायची. मी स्वतः शिकार कधी केली नाही. 1972 च्या कायद्याने ती बंद झाली तेव्हा मी पाळण्यात होतो, आणि ती बंद झाली हे योग्यच झालं असं मी मानतो.

त्या दिवशी दादरचे एक चौऱ्याहत्तरीचे काका आले, सोबत अमेरिकेतून सुट्टीवर आलेला मुलगा. परवान्याचं नूतनीकरण आता झेपत नाही, वडिलांची रायफल जमा करायची, असं काकांचं म्हणणं. रायफल हातात घेतली, आधी बोल्ट मागे ओढून नळी रिकामी असल्याची खात्री केली, मग उजेडाला धरली. पॉइंट 275 रिग्बी. म्हणजे मूळची जर्मन 7×57 माऊझर, इंग्रजांनी तिला दिलेलं नाव. जिम कॉर्बेटची लाडकी रायफल याच बोअरची. नळीच्या आतले आटे, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, अजून धारदार होते. कुणीतरी जीव लावून जपली होती.

मी नोंदवही काढेपर्यंत मुलाने विचारलं, ''काका, एक विचारू? मी कोलोराडोला असतो. तिथे परवाना काढून एल्कची शिकार करता येते. माझ्याकडे सेव्हन एमएम-झीरो-एट रायफल आहे. खांद्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून धक्का कमी हवा. 120 ग्रेनची हलकी गोळी घेतली तर चालेल का? कायद्यात तर एल्कला 85 ग्रेनसुद्धा चालते.''

एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही थोराड हरीण, नर 300 किलोच्या पुढे सहज जातो. ग्रेन हे गोळीचं वजन. सोनाराची गुंज असते तसं बारीक माप, एका ग्रॅममध्ये 15.43 बसतात. त्याच्या आणि आजोबांच्या रायफलीची काडतुसं वेगळी, पण गोळीची जाडी एकच. हे मी त्याला सांगत होतो, तेवढ्यात काकांनी पिशवीतून तपकिरीची पितळी डबी आणि एक वही काढली. ''हे पण रायफलीबरोबरच ठेवायचे बाबा,'' म्हणाले.

डबीत कापसावर एक वेडावाकडा तुकडा होता. तांब्याचं कवच केळ्याच्या सालीसारखं मागे सोललेलं, आणि तळाशी शिशाचा चिमूटभर गोळा. वहीतलं पान 1954 सालचं. सावंतवाडीच्या वरच्या रानात, परवान्यावर, चाळीस पावलांवरून गव्यावर झाडलेली गोळी. गवा कोसळला नाही, तीन पायांवर जाळीत शिरला. आजोबा आणि वाटाड्या दोन दिवस रक्ताच्या मागावर होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तो ओढ्यात बसलेला सापडला, जिवंत. फऱ्याच्या हाडावर गोळी फुटली होती, छातीपर्यंत पोचलीच नव्हती. त्या पानापुढे वही कोरी आहे.

शेजारच्या जवाहिऱ्याचा छोटा काटा मागून आणला. तुकडा भरला 3.4 ग्रॅम. म्हणजे साधारण 52 ग्रेन. वहीत काडतूस 140 ग्रेनचं, सॉफ्ट नोज म्हणजे मऊ टोकाचं, असं लिहिलेलं होतं. म्हणजे जवळजवळ नऊ ग्रॅमची गोळी, आणि तिच्यातले दोन तृतीयांश गव्याच्या खांद्यातच विखुरले. माझ्या हातावर काटा आला. इतकी वर्षं हे मी कागदावर वाचत होतो, त्या दिवशी तळहातावर घेतलं.

मुलगा म्हणाला, ''पण आफ्रिकेतल्या त्या बेल नावाच्या शिकाऱ्याने तर याच बोअरने हत्ती मारले ना?'' हा गैरसमज मला नेहमी खटकतो. बेलने हजारावर हत्ती मारले आणि त्यातले बरेचसे याच बोअरने, हे खरं. पण त्याची रायफल हलकी होती, गोळी नाही. 173 ग्रेनची, लांबट, बोथट, पूर्ण कवचाची घट्ट गोळी. ती पसरत नाही, सरळ आत जाते. शिवाय हत्तीची कवटी कापून मेंदू नेमका कुठे असतो ते त्याने शोधून ठेवलं होतं. आजोबांची गोळी होती वेगवान आणि मऊ. गवा इतक्या जवळ होता की वेग पुरता शिल्लक होता, म्हणूनच ती लवकर फुटली. दूरवर कदाचित जास्त आत गेली असती.

म्हणून मी त्याला सांगितलं, वजन नंतर बघ, आधी गोळी कशाची आहे ते विचार. शिशाच्या गाभ्याची, पटकन फुटणारी 120 ग्रेनची गोळी लहान हरणासाठी असते, एल्कवर नको. अखंड तांब्याची असेल तर घे. तिच्या पाकळ्या उघडतात पण सहसा तुटत नाहीत, वजन जवळजवळ सगळं टिकतं, म्हणून हलकी असूनही ती खोल जाते. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते आणि काडतुसात जास्त जागा मागते, हेही हलकी निवडण्याचं एक कारण. धक्का तर कमी होतोच. शिसं मांसात जात नाही, उरलेलं खाणाऱ्या गिधाडांच्या पोटातही जात नाही. कॅलिफोर्नियाने 2019 पासून शिकारीत शिशाची गोळी याचसाठी बंद केली.

''मात्र एक,'' मी म्हटलं. ''वेग सेकंदाला 2,000 फुटांच्या खाली गेला की या पाकळ्या नीट उघडत नाहीत. तीनशे यार्डांपलीकडे चाप ओढू नकोस. आणि समोरून खांद्यावर नाही, आडव्या उभ्या जनावराच्या खांद्यामागे, फुप्फुसात.''

त्याने फोनमध्ये काही टिपलं नाही. डबीकडे बघत राहिला. मग म्हणाला, ''काका, परत एकदा वजन कराल?''

पुन्हा 3.4 भरलं. त्याने माझं पेन मागितलं आणि 1954 च्या पानाच्या तळाशी, आजोबांच्या अक्षराखाली, तो आकडा आणि त्या दिवसाची तारीख लिहिली. रायफलीचा नंबर मी रजिस्टरला चढवला. डबी आणि वही जमा करता येत नाही, त्यामुळे ती काकांनी पुन्हा पिशवीत ठेवली, आणि पावसात भिजू नयेत म्हणून आमच्याकडचा मेणकागद मागून घेतला.