खुरीचे धोरे आणि पडद्याची चादर

मागच्या वर्षी मी आमच्या वाळवंटातल्या शिबिराबद्दल चार ओळी लिहिल्या आणि मदत करणाऱ्यांच्या यादीत एक नाव राहून गेलं. ते वर्षभर ऐकतोय. म्हणून यंदा नावंच घेत नाही. ज्यानं जे काम केलं तेवढं लिहितो. त्यातूनही कुणी राहिलंच तर तोंडावर बोलावं, कट्ट्यावर नको.

शिबिर हे म्हणण्यापुरतंच. नोंदणी नाही, प्रमाणपत्र नाही, शिकवणाऱ्याला मानधन नाही. सोलापुरातले आम्ही पंधरा-वीस कॅमेरावेडे दर जानेवारीत अमावास्या धरून जैसलमेरकडे निघतो. तिथून नैर्ऋत्येला ४५-५० किलोमीटरवर खुरी नावाचं गाव आहे. चार दिवस राहायचं आणि ज्याला जे येतं ते त्यानं बाकीच्यांना शिकवायचं. पहिल्या वर्षी सगळे पर्यटक जातात तसे आम्हीही जैसलमेरजवळच्या सम नावाच्या गावी गेलो होतो. रात्री तंबूतंबूतून स्पीकर आणि दिव्यांच्या माळा. तारे टिपायला आलेली माणसं कानात बोटं घालून झोपली. पुढच्या वर्षी खुरी धरली ती धरलीच.

उद्घाटनात सांगण्यासारखं काही नसतं. नारळ फुटतो, प्रास्ताविक होतं, समई वाऱ्यानं विझते, कुणीतरी मोबाइलचा टॉर्च लावतं, टाळ्या होतात.

खरी गंमत सकाळी. घड्याळ तेच, पण सूर्य सोलापूरपेक्षा अर्धा तास उशिरा, साडेसातच्या सुमाराला उगवतो. थंडीत सहालाच बाहेर काढलेली मंडळी तेवढा वेळ माझ्या नावानं बोटं मोडत बसतात. मग तिरपं ऊन येतं आणि सपाट दिसणाऱ्या धोऱ्यावर एकेक रेघ उठते. धोरा म्हणजे तिकडच्या बोलीत वाळूची टेकडी. आता आमच्यात टेकडी कुणी म्हणत नाही. आमचा पहिला नियम असा की धोऱ्याच्या धारेवर आधी कुणी पाय ठेवायचा नाही. एकानं तुडवलं की वारा पुसून देईपर्यंत सगळ्यांच्या फोटोत त्याचीच पावलं. दुसरा नियम, उघड्यावर लेन्स बदलायची नाही. तिसरा, कॅमेऱ्यानं केलेल्या उजेडाच्या मोजणीवर विसंबायचं नाही. एवढी उजळ वाळू बघून तो बावचळतो आणि फोटो अंधारा काढतो, म्हणून आपणच उजेड अर्धा-एक स्टॉप वर न्यायचा; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. हे मी दरवर्षी सांगतो. दरवर्षी पहिल्या दिवशीची वाळू राखेसारखी येते.

हजेरीबद्दल बोलू नये असं ठरवलं होतं, पण बोलतो. यंदा एकोणीस जण आले. दुसऱ्या दिवशी दुपारी हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणाऱ्या आलेखाचा, वर्ग ठेवला, त्याला सहा. बाकीचे उंटावर. उंट चार दिवस तिथंच होता हो, कुठं पळून जात नव्हता. आमचे एक ज्येष्ठ तर दरवर्षी समारोपाच्या जेवणाला पहिल्या पंगतीत असतात आणि फोटो दाखवायला सुरुवात झाली की त्यांची पाठ दुखते.

रात्रीच्या वर्गाला मात्र सगळे येतात. गार वाळूत पाठ टेकली की बोलणं आपोआप थांबतं. जानेवारीत आकाशगंगेचा तो गाजलेला मधला भाग रात्री दिसत नाही, तरी त्याच्यासाठीच कुणीतरी नवी लेन्स घेऊन आलेलं असतं. त्याची समजूत मृग आणि व्याध दाखवून काढावी लागते. मग मी ध्रुवतारा मोजायला लावतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची. सोलापुरात ध्रुव क्षितिजापासून पावणेदोन मुठींवर असतो, खुरीला पावणेतीन. आपण किती उत्तरेला आलो ते मुठींनी कळतं. एकदा ध्रुव सापडला की त्रिपाद, म्हणजे ट्रायपॉड, कुठं रोवायचा आणि फोटोत ताऱ्यांची वर्तुळं कुणाभोवती फिरणार, ते वेगळं शिकवावं लागत नाही.

आणखी एक. सोलापूरची माणसं तिकडं जाऊन माळढोकची चौकशी केल्याशिवाय राहत नाहीत. आमच्या नान्नजला त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आता तिथं तो दिसणं मुश्कील. तिकडं त्याला गोडावण म्हणतात, राज्यपक्षी आहे, उरलेल्यांपैकी बहुतेक सगळे त्याच मुलखात. पण त्याच्या मागे कॅमेरे घेऊन धावायचं नाही, हे आमच्यात पहिल्यापासून ठरलंय. विजेच्या तारांचा जाच त्याला पुरेसा आहे. आमच्याकडे माळढोकचा एकही फोटो नाही आणि त्याचा मला अभिमान आहे.

मी खरा वाट बघतो ती शेवटच्या रात्रीची. प्रत्येकानं एकच फोटो पडद्यावर दाखवायचा आणि त्यावर बोलायचं. चांगल्या फोटोवरची भाषणं मी अर्धवट ऐकतो. ‘प्रकाश, रचना, संयम’ वगैरे पाठ झालंय. पण कुणी उठून ‘हा माझा चुकलाय’ म्हणालं की माझे कान उभे राहतात. यंदा मामा उठले. यंत्रमागावर पस्तीस वर्षं काढलेला माणूस, घरी तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी. कॅमेरा मुलाचा जुना. पडद्यावर नुसती वाळूची नक्षी, ना सूर्य ना उंट. मामा पडद्यापाशी गेले आणि बोट ठेवलं.

‘हे बघा. ही रेघ इकडनं येतीय. इथं आली नि दोन झाली. मागावर असं झालं असतं तर माल परत आला असता, माझे पैसे कापले असते. तीन दिवस मी हेच हुडकत फिरलो. एका धोऱ्यावर सतरा ठिकाणी वीण चुकलीय. आणि कोण ओरडत नाही बघा.’

कुणी हसलं नाही. आमच्यातले भौतिकशास्त्राचे सर कारण सांगायला उठले. वाळूचे कण उड्या मारत सरकतात, वाऱ्याला आडव्या रेघा पडतात. लहान रेघ भरभर सरकते, मोठी सावकाश, मग एक दुसरीला गाठते आणि तिथं फाटा दिसतो. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘तेच की. एक कामगार घाईत.’

मी प्रोजेक्टरमागे अंधारात होतो ते बरं झालं. अकरा वर्षांत त्या पडद्यावर शेकडो फोटो पाहिले असतील. घरी आल्यावर डोळ्यांपुढं येतो तो हाच. आणि आमचे ज्येष्ठ तेव्हा तंबूत पाठ शेकत होते, एवढं लिहून ठेवतो.

आता आभार. खुरीत आमची राहण्याची सोय करणारं कुटुंब, बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीची भाजी रोज तितक्याच आपुलकीनं वाढणाऱ्या त्या घरच्या बाया. उंटवाले चाचा, आणि त्रिपाद खांद्यावर टाकून पुढं पळणारा त्यांचा नातू. कमायचा हे तंतुवाद्य वाजवणारे, मांगणियार या तिकडच्या लोकगायकांच्या समाजातले आजोबा. ठरलेल्या तासाऐवजी अडीच तास बसले. जोधपूरपासून गाडी चालवणारे भाऊ. प्रोजेक्टर देणारे शेजारी, औषधांचा डबा भरून देणारे दुकानदार, कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून देणाऱ्या वहिनी. प्रवासात सगळ्यांच्या बॅगा मोजणारे खजिनदार. एक्स्टेन्शनची वायर आणणारा मुलगा. ती वायर कुणाच्या तरी सामानात गेली आहे, ज्याच्याकडे असेल त्यानं परत द्यावी.

यादी पूर्ण झाली असं वाटून लेख घरी वाचून दाखवला. बायकोनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, ‘फोटो कशावर दाखवले?’

चादरीवर. आम्ही सोलापूरचे, प्रत्येकाच्या वळकटीत चादर होती, पण सगळ्या नक्षीच्या. कोरी पांढरी एकच निघाली, ती तिनं माझ्या बॅगेत तळाशी घातलेली.