राख घालणे म्हणजे भेसळच ना?

काँक्रीटच्या प्रयोगशाळेत काम करतो असे कळले, की हा प्रश्न हमखास येतो: थोडे सिमेंट काढून त्याजागी भाताच्या तुसाची राख घालणे ही भेसळच नव्हे का? तुम्हीही विचारलेत म्हणून लिहितो. शंका रास्त आहे, कारण कशीही जाळलेली राख घातली तर ती खरोखरच भेसळ ठरते.

सगळे अवलंबून असते ते जाळण्यावर. तूस जाळल्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा राख उरते आणि तिच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, असू शकते, कारण भाताचे रोप ती मुळांवाटे जमिनीतून ओढून घेते. तूस भरपूर हवा देऊन ५०० ते ७०० अंश सेल्सिअसला जाळले, तर ही सिलिका अस्फटिक, म्हणजे स्फटिकासारखी ठरावीक रचना नसलेली, राहते. त्याहून बरीच जास्त आच फार वेळ लागली, की तिचे स्फटिक बनू लागतात आणि ती वाळूसारखी निष्क्रिय होते. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे एक प्रकारचा चुना, सुटतो आणि त्याचा मजबुतीला फारसा उपयोग नसतो. अस्फटिक सिलिका नेमक्या याच चुन्याला धरते आणि त्यातून सिमेंटला ताकद देणारा बंधक पदार्थ आणखी तयार होतो. भेसळ केवळ जागा अडवते, ही राख काम करते.

अर्थात ती त्रासही देते. पहिल्यांदा १५ टक्के राख घातली तेव्हा माल मिक्सरच्या पात्यांना गोळा होऊन चिकटला, आणि काँक्रीट किती सैल आहे ते पाहण्याचा साचा, म्हणजे स्लम्पचा शंकू, उचलला तरी ढीग जागचा हलला नाही. राखेचा कण सच्छिद्र असल्यामुळे तो पाणी पिऊन बसतो. मदतनीस पाण्याची बादली घेऊन आलाच होता. त्याला थांबवले, कारण वाढीव पाण्याने राखेचा सारा फायदा बुडाला असता. त्याऐवजी सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन, वाढवले. राख काळीकुट्ट असेल तर तिच्यातला न जळलेला कार्बन हे रसायनही शोषून घेतो, त्यामुळे अशी राख मी परतच पाठवतो. उसाच्या चिपाडांच्या राखेचीही हीच रड आहे, शिवाय तिच्यात उसाबरोबर आलेली माती आणि वाळू असते.

राख घातलेल्या काँक्रीटचे घन, म्हणजे मजबुती तपासायचे ठोकळे, सात दिवसांच्या चाचणीत पुष्कळदा मागे पडतात, म्हणून त्यांना मी जास्त दिवस पाण्यात ठेवतो आणि २८ दिवसांनंतरही काही घन ९० व्या दिवसासाठी राखून ठेवतो.