डिस्कव्हरी ३ची उंची वाढवताना: नागपूर, जूनअखेरची नोंद

गाडी लँड रोव्हरची, कॉइल स्प्रिंगऐवजी कॉम्प्रेसरने भरलेल्या हवेच्या फुग्यांवर उभी राहणारी. काम कुठवर आलं ते आधी. कॉम्प्रेसरचा ड्रायर (हवेतली ओल शोषणारा भाग) आणि रिले (त्याला चालू-बंद करणारा स्विच) बदलून झाला, चारही कोपऱ्यांची गळती तपासली, कॅलिब्रेशन करून, म्हणजे कंट्रोल युनिटमधले उंचीचे आकडे बदलून, गाडी २५ मिमी वर घेतली, अलाइनमेंटही झालं. टायर बाकी आहेत. ५० मिमीच्या लिफ्ट रॉडचा (उंचीच्या सेन्सरला गाडी खाली असल्याचं भासवणाऱ्या वेगळ्या लांबीच्या रॉडचा) बेत मात्र सोडून दिला.

कॉइलच्या गाडीत लिफ्ट म्हणजे लांब स्प्रिंग आणि लांब शॉक. इथे फुगाही तोच आणि शॉकही तोच, फक्त जास्त हवा भरून गाडी वर धरायची. त्यामुळे वाढवलेला प्रत्येक मिलिमीटर चाकाच्या खाली उतरण्याच्या वावातून कापला जातो. कंपनीच्या मापाने नॉर्मलवर पोटाखाली १८५ मिमी मिळतात, ऑफ-रोडचं बटण दाबलं की २४०. म्हणजे ५५ मिमी तर हाताशीच आहेत. त्यावर ५० मिमीचा रॉड लावून पुन्हा बटण दाबलं, तर गाडीकडून १०५ मिमी मागितले जातात. शॉक तेवढा उघडतच नाही. सेन्सरला हवी ती उंची दिसत नाही, कॉम्प्रेसर दमेपर्यंत चालतो आणि डॅशवर सस्पेन्शनचा फॉल्ट येतो. त्याआधीसुद्धा खड्ड्यात चाक उतरताना 'ठक्' असा आवाज येतो, तो शॉक पूर्ण ताणला गेल्याचा. लोक त्याला सस्पेन्शन कडक झालं म्हणतात, पण हवा कडक झालेली नसते, वाव संपलेला असतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ऑफ-रोड उंचीवर असताना गाडी ताशी ५० किमीच्या आसपास आपोआप खाली येते. रॉड असो की कॅलिब्रेशन, दोन्हींत कंट्रोल युनिटची फसवणूकच असते. त्याच्या लेखी गाडी नॉर्मलवर आहे. त्यामुळे समृद्धीवर १२०च्या वेगातही ती उंचच राहणार. २५ मिमीला वळणावरचा झोल जाणवतो पण सांभाळता येतो. ५०ला तो आम्हाला पटला नाही. शिवाय कॅलिब्रेशनचे जुने आकडे लिहून ठेवले की लांबच्या प्रवासाआधी दहा मिनिटांत गाडी मूळ उंचीवर आणता येते.

फायदा मात्र खरा आहे. रामटेक, उमरेडकडच्या पांदण रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल असतात आणि मधला उंचवटा पोटाला घासतो. चारही चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र असल्यामुळे या गाडीचा डिफरन्शियल (दोन चाकांमधला गिअरचा गोळा) बॉडीसोबत वर जातो, जो सॉलिड एक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर असलेल्या) गाडीत नुसत्या लिफ्टने जात नाही. चाकांना धरणारे खालचे आर्म तेवढे जागच्या जागी राहतात.

आता नागपूरच्या उन्हाबद्दल, कारण उंचीच्या आधी इथे कॉम्प्रेसरच बघावा लागतो. मे महिन्यात ४५ अंशांत उभ्या गाडीचा कॉम्प्रेसर आधीच तापलेला असतो. पिस्टनची रिंग झिजलेली असेल तर हवेची टाकी भरायला वेळ लागतो, युनिट गरमीमुळे त्याला थांबवतं आणि सी१ए२० हा कोड येतो: टाकीत दाब फार हळू वाढतोय. ड्रायरमधले दाणे ओले होऊन फुटले की त्यांची पांढरी भुकटी फुग्यांना हवा वाटणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाते, मग तोही गळायला लागतो. रिले जुना ठेवू नका. त्याचे पॉइंट चिकटले तर कॉम्प्रेसर बंदच होत नाही आणि नवा असला तरी जळतो. हिताचीच्या जागी एएमके कंपनीचा कॉम्प्रेसर बसवत असाल तर सॉफ्टवेअर अपडेट लागतो.

गळती शोधताना ईएएसचा (हवेच्या सस्पेन्शनच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा) फ्यूज काढून गाडी रात्रभर सपाट जागी ठेवा. फ्यूज राहिला तर युनिट मध्येच जागं होऊन सगळे कोपरे सर्वांत खालच्या कोपऱ्याला जुळवतं आणि दोषी कोपरा लपून जातो. सकाळी जो बसलेला दिसेल, तिथल्या पाइपच्या जोडावर आणि फुग्याच्या घडीवर साबणाचं पाणी मारा.

कॅलिब्रेशनचं माप चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्या, जमिनीपासून नको. टायरमधल्या हवेने ते चुकतं. मापाआधी टायरची हवा सारखी करा, गाडी थोडी पुढेमागे करून सस्पेन्शन मोकळं करा आणि डाव्या-उजव्या बाजूंत ३ मिमीपेक्षा जास्त फरक ठेवू नका. मडगार्डमध्ये हात घालण्यापूर्वी चॅसीखाली स्टँड लावा. हवा कधी सुटेल याचा नेम नाही.

अलाइनमेंट हे उंची ठरल्यानंतरचं काम. आर्मचा कोन बदलला की टो (चाकाचं आत-बाहेर वळणं) आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) दोन्ही सरकतात. पुढच्या खालच्या आर्मचे बुश (सांध्यातले रबर) तडकले असतील तर आधी तेच बदला, नाहीतर पैसे वाया. सीव्ही जॉइंटचे (चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचे) रबरी बूट वाढीव उंचीवर जास्त वाकतात. त्यांच्या घड्यांमधलं ग्रीस दर महिन्याला बघणार.

टायरचं गणित लिफ्टवरून करू नये. हवा गेली की गाडी बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडणीवर) बसते आणि मोठा टायर मडगार्डमध्ये अडकतो. २६५/६५ आर१८चा व्यास जवळजवळ ८०२ मिमी, मूळ २५५/६०चा ७६३. मोह झाला तरी २६५/६० घेतोय: ७७५ मिमी, म्हणजे व्यासातल्या १२ मिमीच्या निम्मी, ६ मिमी उंची, आणि ही ६ मिमी खालच्या आर्मलाही मिळते.

पावसाळ्यात रोज बघायची जागा एकच: प्रत्येक चाकाजवळच्या उंचीच्या सेन्सरचा छोटा रॉड. काळी माती त्याच्याभोवती बसते, दुपारी विटेसारखी वाळते आणि पुढच्या हिसक्याला प्लॅस्टिकचा सॉकेट निसटतो. तो कोपरा लगेच वेडावाकडा होतो. पेंचकडून परतल्यावर गाडीआधी हे चार रॉड धुवावेत, प्रेशरच्या नळीने नाही, मगभर पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो.

पाण्यातल्या खोलीचा आकडा ७०० मिमीच धरा. २५ मिमीने इंजिनात हवा घेणारं तोंड फारसं वर जात नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांना लागू आहे, त्यामुळे विमा कंपनीला लेखी विचारलंय. उत्तर येईपर्यंत गाडी मूळ कॅलिब्रेशनवर आणून ठेवली आहे.