दोघांच्या गोळ्या

पेडणे तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी लॅब टेक्निशियन आहे. त्या दिवशी पलीकडच्या खोलीतून डॉक्टरीणबाईंनी एका बाईंच्या योनिस्रावाचा स्वॅब पाठवला. सलाइनच्या थेंबात घोळवून तो लगेच बघावा लागतो; गार पडला की जंतूंची हालचाल थांबते आणि मग ते ओळखू येत नाहीत. भिंगाखाली पाहिलं तर नासपतीच्या आकाराचे, शेपट्या हलवत गचके खात फिरणारे जीव. ट्रायकोमोनास.

बाईंची वर्षातली ही तिसरी खेप. अंगावरून हिरवट-पिवळं, फेसाळ जायचं, वास यायचा. सासूने उष्णता म्हणून सब्जा पाजला, शेजारणीने बसस्टँडवरच्या संडासाला नावं ठेवली. बाई स्वतः रोज जंतुनाशकाच्या पाण्याने आतून धुवायच्या. त्याने उलटच होतं, तिथलं आम्ल टिकवणारे राखणदार जंतूच धुऊन जातात. दरवेळी गोळ्यांनी बरं वाटायचं. नवरा बोटीवर, तो सुट्टीवर आला की पुन्हा तेच.

अंगावरून जाणारं सगळं एकच नसतं. दह्यासारखं जाऊन खाज सुटली तर बहुधा बुरशी. ती मधुमेहात, अँटिबायोटिक्सनंतर होते आणि सहसा नवऱ्याला औषध लागत नाही. ट्रायकोमोनास मात्र संबंधातून येतो.

यावेळी नवरा सोबत होता. ‘‘मला काय झालंय? मी कशाला गोळ्या घेऊ?’’ पुरुषांना बहुतेकदा काही जाणवतच नाही. बाईंना विचारून डॉक्टरीणबाईंनी त्याला माझ्याकडे आणलं. तो भिंगावर वाकला आणि बराच वेळ उठलाच नाही. मग म्हणाला, ‘‘म्हणजे हिने हे कुठून आणलं?’’

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

‘‘हा जंतू महिनोन्महिने गप्प राहतो,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘कोणी कोणाला दिला ते स्लाइड सांगत नाही. गोळ्या दोघांनी एकाच वेळी घ्यायच्या, आठवडाभर संबंध नको, पुढे कंडोम. आणि दोघांची एचआयव्ही, सिफिलिसची तपासणी.’’

रक्त काढताना त्याचा हात थरथरत होता. गोळ्यांवर दारू चालणार नाही म्हटल्यावर चेहरा आणखी उतरला. दिवस उर्राकाचे, काजूच्या ताज्या दारूचे होते.

जाताना बाई दारात थांबल्या. हळूच विचारलं, ‘‘भाऊ, सब्जा बंद करू?’’

‘‘सब्जा खुशाल प्या,’’ मी म्हटलं, ‘‘आतून धुणं तेवढं बंद करा.’’